हात कॉलेजात शिकतात, तोंड वॉर्डात: नव्या नर्सच्या पहिल्या ९० दिवसांची तयारी

सकाळचे आठ. मेडिसिन वॉर्डात रात्रपाळीची सिस्टर ओव्हर देतेय, म्हणजे पाळी संपताना पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सोपवतेय. "पाच नंबर, डीएम, एचटीएन, काल संध्याकाळी फॉलीज काढलंय, अजून पीयू नाही, सरांना सांगायचंय. सहा नंबर, नवीन ॲडमिशन..." नवी मुलगी वही उघडून उभी आहे. डीएम म्हणजे मधुमेह, एचटीएन म्हणजे वाढलेलं बीपी, फॉलीज म्हणजे लघवीची नळी, पीयू म्हणजे लघवी झाली. शब्द सगळे ओळखीचे, पण ती 'पीयू'पाशी अडकते आणि सावरेपर्यंत ओव्हर नऊ नंबरवर गेलेली असते. ती विचारत नाही. साडेअकराला पाच नंबरचे आजोबा घामाघूम, ओटीपोट टरटरून फुगलेलं. लघवी अडकून सोळा तास झालेले.

मुलगी हुशार होती. फॉलीज कॅथेटर तिनं कॉलेजात कितीदा तरी घातलं होतं. तिच्याकडे नव्हतं ते एक वाक्य: "सिस्टर, पाच नंबरचं परत सांगता का?"

अठरा वर्षं नाशिकच्या वॉर्डांमध्ये काढल्यावर आणि नंतर नव्या पोरापोरींना तयार करण्याचं काम अंगावर घेतल्यावर माझं मत पक्कं झालंय. जीएनएम या नर्सिंग डिप्लोमाची तीन वर्षं किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं हाताला वळण लावतात. विचारणं, कळवणं, अडवणं, चूक कबूल करणं यांची प्रॅक्टिकल परीक्षा कुठेच होत नाही. खालची तयारी बरीचशी त्यासाठीच आहे.

रुजू व्हायच्या आधी

आधी कागद. डिग्री म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असो वा आणखी कुठली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात आल्याशिवाय स्टाफ नर्स म्हणून कामाला उभं राहू नका. "आधी जॉइन व्हा, नोंदणी नंतर बघू" असं कुणी म्हटलं तर लक्षात ठेवा, काही घडलं तर केस पेपरवर सही तुमची असेल. मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलात ठेवून घेण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ कागद घरी न्या.

मग लस. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासून घ्या. ती १० किंवा त्याहून जास्त आली तर लस लागू पडली. बहुतेक जणी डोस घेतात आणि तपासणी विसरतात, मग सुई टोचली की धावपळ सुरू होते.

खरेदी थोडीच आहे. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, मागून बंद असलेले बूट, खिशात मावणारी वही, दोन पेन (एक डॉक्टर घेऊन जाणार, हे धरून चाला). मोबाइलचं स्टॉपवॉच वापरू नका. पेशंटशेजारी मोबाइल काढलात की नातेवाइकाला वाटतं सिस्टर व्हॉट्सॲप बघतेय.

पहिला आठवडा: वस्तू कुठे आहेत

पहिल्या आठवड्यात तुमच्याकडून वेगाची अपेक्षा नसते. त्या सवलतीचा फायदा घ्या. क्रॅश कार्टचा, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीचा, एकेक कप्पा उघडा आणि दुसऱ्या दिवशी न बघता सांगता येतं का ते पाहा: ॲड्रिनालिन कुठे, ॲट्रोपिन कुठे, हातानं श्वास द्यायच्या अंबू बॅगचा मास्क कुठल्या मापाचा. घशात नळी घालताना वापरतात त्या लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटवून बघा. सक्शन चालू करून नळीच्या टोकाशी बोट लावा, ओढ लागते का ते कळेल.

ऑक्सिजनचं मात्र नुसतं पाहून चालणार नाही. नाशिकला हे सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, पुरवठा खाली आला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलीला तीन प्रश्न विचारते. वॉर्डाचा ऑक्सिजन व्हॉल्व्ह कुठे आहे? भरलेले सिलिंडर किती आणि कुठे? त्यावर फ्लोमीटर चढवायचा पाना कुठे ठेवलाय? तिसऱ्या प्रश्नाला निम्म्या जणी गप्प होतात. पाना वॉर्डबॉय मामांच्या खिशात असतो आणि मामा जेवायला गेलेले असतात. सिलिंडर बदलायचं काम मामांकडून एकदा शिकून घ्या. त्यात कमीपणा नाही आणि मामा पुढची दहा वर्षं तुमचे होतात.

ओव्हर घेणं

ओव्हर कॉटपाशी घ्या. स्टेशनवर बसून घेतलेल्या ओव्हरमध्ये पेशंट फक्त नंबर असतो. कॉटपाशी उभं राहिलं की सलाईन किती उरलंय, इंट्राकॅथची, म्हणजे शिरेतल्या सुईची, जागा सुजलीय का, लघवीच्या पिशवीत (युरोबॅगेत) रंग काय, हे डोळ्यांना दिसतं. देणारी सिस्टर थकलेली असते, तिला घरी जायचं असतं, सिटीलिंकची बस चुकेल ही धास्ती असते. तरी दहा मिनिटं मागा.

वहीत प्रत्येक पेशंटसाठी चार रकाने पाडा: कशासाठी आलाय, रात्री काय बदललं, आता काय चालू आहे, आणि माझ्या पाळीत काय राहिलंय. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. "सरांना सांगायचंय" हे वाक्य आलं की लगेच विचारा: कोणत्या सरांना, किती वाजेपर्यंत, आणि सांगून झालंय का? अशी अर्धवट कामं एका पाळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत वाहत जातात. पाच नंबरच्या आजोबांची लघवी तशीच दोन पाळ्या वाहत आली होती.

श्वास खरंच मोजा

कुठल्याही वॉर्डातले टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट एका रांगेत ठेवून बघा. श्वासाच्या रकान्यात सगळीकडे २०. कधी कुणाला १८ लिहायची हौस येते.

मीही तेच करत होते. माझ्या पहिल्या वर्षी, एका हॉस्पिटलात, न्यूमोनियाच्या एका बाईंचा श्वास मी रात्री दहाला २० लिहिला आणि दोनला २० लिहिला, एकदाही न मोजता. नाडी घेतली होती, बीपी घेतलं होतं, ताप बघितला होता. पहाटे पाचला त्या बसून श्वास घेत होत्या आणि मानेचे स्नायू आत ओढले जात होते. आयसीयूतल्या डॉक्टरांनी चार्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. बाई वाचल्या, पण त्यांचे ते तीन तास मी खाल्ले होते.

तब्येत बिघडताना बहुधा श्वास आधी वाढतो आणि बीपी उशिरा पडतं. म्हणून पूर्ण एक मिनिट मोजा. नाडी धरल्याचं दाखवत मोजा, पेशंटला कळलं की तो श्वास बदलतो. मोठ्या माणसाचा १२ ते २० ठीक. २५ च्या वर गेला तर इतर आकडे कितीही चांगले असोत, कळवायचं. डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गोष्ट. नाशिकच्या थंडीत पेशंटची बोटं गारठलेली असतात आणि पल्स ऑक्सिमीटर भलताच आकडा दाखवतो. हात चोळून गरम करा, दुसरं बोट लावा, नेलपॉलिश असेल तर काढा. पण "थंडीमुळेच असेल" म्हणून सोडून देऊ नका.

औषधं: जिथे थांबायचंच

योग्य पेशंट, औषध, मात्रा, मार्ग, वेळ हे पाच तुम्हाला पाठ आहेत. ते कॉटपाशी पाळणं वेगळं. "तुम्ही शांताबाई ना?" असं विचारू नका. अर्धवट झोपेतली आजी कशालाही हो म्हणते. "आजी, पूर्ण नाव काय तुमचं?" असं विचारा आणि मनगटाच्या पट्टीशी ताडून बघा.

इन्सुलिनवर मी प्रत्येक बॅचमागे अख्खी दुपार घालवते. आपल्याकडे व्हायल साधारण ४० युनिट प्रति एमएलची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. पण १०० युनिट प्रति एमएलचं इन्सुलिनही मिळतं आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. २० युनिट द्यायचेत. हातात १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज आली आणि तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरलंत, तर आत गेलं अर्धा एमएल, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. उलट झालं तर अर्ध्याहून कमी, फक्त ८. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे दुसऱ्या सिस्टरला मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्हाला वीस वर्षांचा अनुभव झाला तरीही.

पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्युल थेट शिरेत कधीच जात नाही. कुणी सांगितलं तरी नाही, घाई असली तरी नाही. हृदय थांबतं. सलाईनमध्ये घालायचं, आणि घातल्यावर बाटली चार-पाच वेळा उलटसुलट करायची, नाहीतर औषध तळाशी राहून आधी तेच जातं. बाटलीवर काय घातलं, किती, किती वाजता, आणि सही. ॲम्प्युल इतर ॲम्प्युलांच्या ट्रेमध्ये दिसली तर उचलून वेगळी ठेवा आणि इन्चार्ज सिस्टरला सांगा.

ड्रिपचं गणित एकदाच नीट समजून घ्या. साध्या सेटचे साधारण २० थेंब म्हणजे एक एमएल, मायक्रोचे ६० (सेटच्या पाकिटावर छापलेलं असतं, वाचा). ५०० एमएल आठ तासांत द्यायचंय, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. मायक्रो सेटला तर तासाला जितके एमएल, मिनिटाला तितकेच थेंब. लावून निघून जाऊ नका. पेशंटनं हात वळवला की वेग बदलतो, आणि नातेवाईक "लवकर संपू दे" म्हणून रोलर सैल करतात. हे रोज होतं.

रक्त चढवताना पहिली १५ मिनिटं पेशंटजवळ थांबा. थंडी, पाठदुखी, खाज, "कसंतरीच होतंय", यांतलं काहीही झालं तर आधी बंद, मग फोन. रक्तपेढीतून पिशवी आली की अर्ध्या तासात सुरू आणि चार तासांत संपलेली हवी.

डॉक्टरांना फोन

नव्या मुली फोन लावतात आणि म्हणतात, "सर, बारा नंबर पेशंटला बरं वाटत नाहीये." पलीकडून झोपेतला प्रश्न येतो, "म्हणजे काय?" आणि इथे बोलती बंद. फोन लावण्याआधी दोन मिनिटं घ्या, ताजे आकडे घ्या, केस पेपर हातात धरा. मग असं:

"सर, मेल मेडिसिनमधून ड्युटी सिस्टर बोलतेय. बारा नंबर, ५८ वर्षं, काल न्यूमोनियासाठी ॲडमिट. सकाळी श्वास २० होता, आता २८ आहे. चार लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ८९. बीपी १००/६०, काल १३० च्या घरात होतं. मला पेशंट बिघडतोय असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर ऑक्सिजन किती करू?"

कोण, काय पार्श्वभूमी, काय दिसतंय, काय हवंय. शेवटचा भाग बोलायला जीभ अडखळते, कारण डॉक्टरांना "या" म्हणायची आपल्याला सवय नसते. आरशासमोर म्हणून बघा. फोनवर ऑर्डर मिळाली तर ती लिहा, वाचून दाखवा, "बरोबर?" विचारा आणि सकाळी सही घ्या. डॉक्टर आले नाहीत तर वरच्यांना फोन. याला चुगली म्हणत नाहीत.

आपल्या जिल्ह्याचे पेशंट

पुस्तकातला पेशंट शहरातला असतो आणि शुद्ध मराठीत लक्षणं सांगतो. आपल्याकडे सुरगाणा-पेठचा कोकणा शेतकरी येतो, मालेगावचा उर्दू बोलणारा कामगार येतो, सटाणा-कळवणची अहिराणी बोलणारी आजी येते. "तुन्हं नाव काय शे? पोट दुखस का?" एवढं म्हटलं तरी आजीचा चेहरा खुलतो आणि जे डॉक्टरांना सांगितलं नाही ते ती तुम्हाला सांगते. भाषा येत नसेल तर शेजारच्या कॉटचा नातेवाईक किंवा मावशींना बोलवा. बाईच्या खासगी तक्रारीसाठी मात्र अनोळखी पुरुषाला दुभाषी करू नका.

पावसाळा सुरू झाला की सर्पदंश. नाग, घोणस, फुरसं यांचं निदान सूज आणि खुणांवरून तरी सुचतं. मण्यार दगा देते. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन येतो, दाताची खूण दिसतही नाही, आणि पापण्या जड होत जातात. असा पेशंट 'गॅस' म्हणून बाकावर बसलेला दिसला तर डोळे वर करायला सांगा, एका श्वासात आकडे मोजायला सांगा, आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. आल्या आल्या घट्ट बांधलेली दोरी स्वतःहून सोडू नका, डॉक्टर आणि प्रतिविष तयार असताना सोडायची. सुजेच्या कडेला पेननं रेघ मारून वेळ लिहा. २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या तपासणीला नवी, कोरडी, काचेची टेस्टट्यूब हवी. साबणानं धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नको, निकाल चुकतो. दोन एमएल रक्त, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच तिरकी करायची. प्रतिविष सुरू करण्याआधी ॲड्रिनालिन सिरिंजमध्ये भरून कॉटशेजारी ठेवा.

दुसरं म्हणजे द्राक्षपट्टा. निफाड-दिंडोरीकडून फवारणीचं औषध अंगावर सांडलेले, किंवा रागाच्या भरात पिऊन आलेले. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर: ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक. ग्लोव्हज घालून कपडे काढा, केसांसकट अंग धुवा, नाहीतर उतारा म्हणून ॲट्रोपिन चालू असताना कातडीतून विष जातच राहतं. नातेवाइकांकडून डबा किंवा लेबलचा फोटो मागवा, कारण सगळीच औषधं एका जातीची नसतात. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे फुटावेत म्हणून लावतात त्या हायड्रोजन सायनामाइडची गत वेगळीच. त्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, धडधड होते, बीपी घसरतं. म्हणून "दारू घेतली होती का?" हा प्रश्न न्यायाधीशाच्या सुरात विचारू नका, नाहीतर उत्तर खोटं येईल.

ऑर्गनोफॉस्फेटचा पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुधारलेला वाटतो, चहा मागतो. तेव्हा प्रत्येक पाळीत त्याला सांगा, "दादा, उशीवरून मान उचला." उचलता आली नाही तर श्वासाचे स्नायू थकू लागलेत. हा साधा प्रश्न मला एका जुन्या ब्रदरनं (पुरुष नर्सनं) शिकवला.

असे पेशंट, तसेच मुंबई-आग्रा महामार्गावरचे अपघात, भाजलेले, मारहाणीचे, सगळे एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणाऱ्या केसेस. कपडे, उलटीचा नमुना, चिठ्ठी काहीही फेकू नका. काय मिळालं, कुणाला दिलं, किती वाजता, हे लिहून सही घ्या.

लिहिणं

केलं की लिहा, करायच्या आधी नाही. चोवीस तासांची वेळ. चुकलं तर एक आडवी रेघ आणि सही, व्हाइटनर नाही. "पेशंट बरा आहे" याला अर्थ नाही. "०३:१०, वेदना दहापैकी सात, डॉक्टरांना कळवलं, ०३:२० ला इंजेक्शन दिलं, ०४:०० ला वेदना तीन" याला आहे.

सुई टोचली तर

वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा. दाबून रक्त काढू नका, स्पिरिट ओतू नका. मग लगेच ड्युटी डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागते, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. "ओरडा पडेल" म्हणून सकाळपर्यंत थांबणाऱ्या मुली मी पाहिल्यात. सुईवर टोपण परत चढवायचं नाही, ती सरळ सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. नळ्या लालमध्ये, रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, काच निळ्यात.

चूक झाली तर

होणार. चुकीची गोळी गेली असं कळलं की क्रम हा: पेशंट बघा, डॉक्टरांना सांगा, इन्चार्जना सांगा, नोंद करा. घरी जाऊन रडा, पण या चार गोष्टींनंतर. आणि इन्चार्ज सिस्टर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: चूक स्वतःहून सांगायला आलेल्या मुलीला तुम्ही सगळ्यांसमोर फाडलंत, तर पुढची चूक तुम्हाला पेशंटच्या नातेवाइकांकडून कळेल. नव्या मुलीला पहिले तीन महिने एकाच सीनियरबरोबर एकाच पाळीत लावा, रोज वेगळ्या नाही. आणि पहिल्या महिन्यात डबल ड्युटी देऊ नका. माणसं कमी आहेत, मला माहीत आहे.

नातेवाईक आणि रात्र

"पेशंट कसा आहे?" या प्रश्नाला तीनदा "डॉक्टरांना विचारा" म्हटलं की भांडण ठरलेलं. तुम्हाला जे सांगता येतं ते सांगा. "बाबांचा ताप रात्री १०२ होता, आता ९९ आहे, अर्धा कप दूध प्यायले. रिपोर्टचं सर राउंडला सांगतील, अकराला येतात, तेव्हा इथेच थांबा." वेळ सांगितली की माणूस शांत होतो.

रात्रपाळीत तीन ते पाच ही वाईट वेळ. त्या दोन तासांतलं प्रत्येक गणित दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या. चहा दोनला प्या, पाचला नको, नाहीतर घरी झोप येत नाही.

नव्वदावा दिवस

त्या दिवशी मी मुलीला सहा पेशंटची ओव्हर कॉटपाशी द्यायला लावते आणि स्वतः मागे उभी राहते. मध्येच मुद्दाम एक चुकीचं वाक्य टाकते, "तीन नंबरचं इन्सुलिन दिलंय ना, मग पुढे चला." दिलेलं नसतं. ती "नाही सिस्टर, दिलं नाही, नाश्ता यायचाय" असं माझ्या तोंडावर म्हणाली, तर पुढच्या आठवड्यापासून तिचं नाव स्वतंत्र ड्युटीच्या तक्त्यावर लागतं. मान डोलावून पुढे गेली, तर आणखी पंधरा दिवस माझ्याबरोबर.